उशिराचं ताट

शिंप्याने पँट उलटी केली, कमरेची शिवण बोटांत धरून दाराच्या उजेडात नेली आणि म्हणाला, "वहिनी, आता आत कापड उरलं नाही." अग्निशामक केंद्राच्या समोरच त्याचं दुकान. केंद्रातल्या सगळ्यांचे गणवेश त्याच्याच मशीनखालून जायचे. कोण सुटलं, कोण वाळलं, कुणाची कॉलर आतून मळते, सगळं त्याला ठाऊक, आणि ठाऊक असलेलं पोटात ठेवण्याची त्याला मुळीच सवय नव्हती. "मागच्या खेपेला सोडली तीच शेवटची. आता नवीनच शिवायला हवी. नाहीतर असं करा, वाढताना जरा हात आखडता घ्या." एवढं बोलून तो स्वतःच हसला, आणि अशा वेळी बायका हसतात तशी तीही हसली. "काय करणार भाऊ, रात्री उशिरा येतात, भुकेलेले असतात," असं काहीतरी म्हणाली. पँटची घडी घालून पिशवीत टाकली आणि दुकानाच्या पायऱ्या उतरता उतरता तिच्या लक्षात आलं की आपल्याला आनंद झालाय. शाळेत असताना निकालाच्या कागदावर एखाद्या नावडत्या मुलीचं नाव आपल्या खाली दिसलं की व्हायचा ना, तसला. कुणाला सांगता न येणारा, पोटातून वर चढणारा. कापड संपलं. म्हणजे काम होत आलं. रस्ता ओलांडताना ती चक्क थांबून एका सायकलवाल्याला "आधी तुम्ही जा" म्हणाली. एरवी ती कुणाला आधी जाऊ देणाऱ्यातली नव्हती.

समोर केंद्राची लाल दारं उघडी होती. आत बंब उभा, त्याच्या पितळी तोंडांवर ऊन, आणि बाजूला तो उंच मनोरा, ज्याच्या आत नुसता जिना आहे, खोली एकही नाही. दरवर्षी त्याच जिन्यावर परीक्षा होते. खांद्यावर ओल्या नळीचं भेंडोळं घेऊन वर जायचं, वरून माणसाच्या वजनाचा गोणपाटाचा बाहुला पाठीवर घेऊन खाली यायचं, आणि खाली उतरल्यावर डॉक्टर छाती तपासतो. यंदाची परीक्षा पुढच्या आठवड्यात होती. तिचा नवरा या मनोऱ्याचा एके काळचा राजा. शेलाटा, उंच, पायांत जणू स्प्रिंग बसवलेली. त्याला सगळे 'शिडी' म्हणायचे. अजूनही शिडीच म्हणतात, पण आता म्हणताना ओठांच्या कोपऱ्यात हसतात. त्या हसण्याचा एकेक घास तिने स्वतःच्या हाताने शिजवला होता.

दहा-बारा वर्षांपूर्वी या मनोऱ्याच्या पायथ्याशी तीही उभी असायची. रांगेत, गुडघ्यापर्यंतचे बूट घालून, केस टोपीत कोंबून. बायकांची पहिली तुकडी होती ती, आणि त्या तुकडीत जिन्यावर तिच्यापुढे कुणी नव्हतं. पुरुषांतही फक्त एकच होता, आणि त्याच्याशी तिने लग्न केलं. प्रशिक्षण चालू असतानाच केलं. तुकडीचे मास्तर आवाजाने फुटके आणि मनाने खडूस, पण शिकवायचे जीव तोडून. पहाटेच्या रांगेत कुणी जांभई दिली की त्याच्यासमोर जाऊन उभे राहायचे. "रात्री उशिरा काय गिळलंस? पोट भरून झोपलास ना? शरीराने रात्री झोपायचं का दळण दळायचं? जे मध्यरात्री पोटात घालाल ते पहाटे पाठीवर घेऊन हा जिना चढाल." मग ते सविस्तर सांगायचे. उशिराचं जड जेवण कसं छातीशी जळजळतं, झोप कशी कुरतडतं, सकाळी अंग कसं शिशाचं होतं, व्यायाम कसा चुकतो, आणि चरबी आधी पोटावर न बसता श्वासावर कशी बसते. सगळ्यांनी हे ऐकलं, सगळे हसले, सगळे विसरले. ती विसरली नाही. तिचं डोकंच तसं होतं. एकदा आत गेलेलं बाहेर यायचं नाही, मग ते मास्तरांचं बोलणं असो की नवऱ्याचं.

शेवटच्या परीक्षेच्या थोडं आधी तिला कळलं की आपल्याला दिवस गेलेत. तिने फक्त त्याला सांगितलं. अंथरुणात, अंधारात, त्याचा हात आपल्या पोटावर ठेवून. म्हणाली, "एवढी परीक्षा होऊ दे. मग मी स्वतः साहेबांना सांगते. तोवर कुणाला बोलू नकोस." तो "हं" म्हणाला. दुसऱ्या दिवशी दुपारी तिला मोठ्या साहेबांच्या खोलीत बोलावलं. साहेब खुर्चीत, मास्तर खिडकीशी, आणि तिचा नवरा भिंतीला टेकून, जमिनीकडे बघत. साहेब गोड आवाजात म्हणाले, "अगं, अभिनंदन. पण आता घरी जा. तुझ्या नवऱ्यानेच सांगितलं, तिला झेपणार नाही." नवऱ्याने मान वर केली आणि तिला नव्हे, साहेबांना सांगितलं, "तिच्या भल्यासाठीच." तिने बूट तिथेच उतरवले आणि चपला आणलेल्या नव्हत्या म्हणून मोज्यांवर घरी आली. पुढच्याच महिन्यात ते पोटातलंही राहिलं नाही. पुन्हा भरती निघाली तेव्हा ती वयात बसत नव्हती. मूल नंतर झालंच नाही. या सगळ्याबद्दल तो कधी एक अक्षर बोलला नाही. म्हणजे वाईट वागला असंही नाही. आजारपणात चहा करून दिला, तिच्या आईला गाडीत बसवून दिलं, पगारातून छोटं घर घेतलं. फक्त ते दार त्याने बंद केलं आणि त्यावर कपाट ढकललं. ती एका दाताच्या डॉक्टरकडे बाहेरच्या टेबलाशी बसायला लागली. दिवसभर गाल सुजलेली माणसं यायची, ती म्हणायची, "बसा, बोलावतील." आत ठणकत असताना बाहेर गप्प बसून राहणं म्हणजे काय, हे तिला त्या माणसांपेक्षा जास्त कळायचं.

तरी नुसतं एवढ्यावर तिने काही केलं नसतं. बायका याहून मोठं गिळतात आणि ढेकरही देत नाहीत. पण दोनेक वर्षांपूर्वी मास्तरांच्या निरोपाचं जेवण होतं, सगळे बायकांसह जमलेले, आणि कुणीतरी म्हणालं, "शिडी, तुझी बायको पण होती ना रे तुकडीत?" तो तोंडातला घास गिळून, पाण्याचा घोट घेऊन, मजेत म्हणाला, "होती तर. आमच्या हिला बंबावर चढायचं होतं. मी म्हटलं, बाई, तू गॅसची शेगडी सांभाळ, आग तीपण आहे." सगळे खो-खो हसले. मास्तर तेवढे हसले नाहीत. तिने आपल्या ताटाकडे बघितलं. रागाने तिला घाम फुटला नाही की डोळ्यांत पाणी आलं नाही; उलट सगळं एकदम शांत आणि स्वच्छ दिसायला लागलं. ठीक आहे, तिने मनात म्हटलं. सांभाळते शेगडी.

त्याची पाळी दुपारी सुरू व्हायची आणि रात्री उशिरा संपायची. कामावर असताना जड खायचं नाही हा केंद्राचा दंडक, कारण घंटा कधी वाजेल सांगता येत नाही आणि भरल्या पोटी धुरात गेलेला माणूस ओकून गुदमरतो. तेव्हा खरं जेवण घरीच, आणि ते व्हायचं मध्यरात्रीच्या आसपास. पूर्वी ती त्याला सूप आणि भाजलेल्या पावाचे दोन तुकडे द्यायची. निरोपाच्या जेवणानंतर ताट बदललं. घाई तिने केली नाही. घाई केली असती तर त्याच्या जिभेला संशय आला असता. आधी पावाला लोणी आलं. मग सूपच्या जागी दाट मटण आलं. मग भात, मग तळलेले बटाटे, मग शेवटी वाटीभर साय, वर साखर. तो म्हणायचा, "आज काय विशेष?" ती म्हणायची, "दमून येतोस." हे वाक्य म्हणताना ती त्याच्या पाठीमागे उभी असायची, कारण आपल्या चेहऱ्याचा तिला भरवसा नव्हता. ती स्वतः दिवस मावळायच्या आत जेवून घ्यायची. घरापर्यंतचे चार मजले एका दमात चढायची. पहाटे, तो घोरत असताना, इमारतीभोवती पळून यायची. कशासाठी, ते तिने स्वतःला कधी विचारलं नव्हतं. शरीराला जागं ठेवायचं एवढंच ठाऊक, जसं काही माणसं न लागणाऱ्या खोलीचाही रोज केर काढतात.

आणि मास्तरांचा एकेक शब्द खरा होताना तिने पाहिला. तो जेवला की लगेच आडवा व्हायचा. मग मध्येच उठून छाती चोळत बसायचा, गार दूध प्यायचा, पुन्हा पडायचा. सकाळी उशिरा उठायचा, तोंडावर सूज, बोलण्यात किरकिर. आधी पळणं गेलं, मग दंड-बैठका गेल्या, मग तो बूट खुर्चीवर बसून घालायला लागला. त्याच्या येण्याची चाहूल तिला पूर्वी पावलांवरून लागायची, आता श्वासावरून लागायची. दुसऱ्या मजल्यापाशी धाप ऐकू यायची, तिसऱ्यावर तो थांबायचा, आणि ती स्वयंपाकघरात अंधारात उभी राहून ते थांबणं कान देऊन ऐकायची, लोक आवडीचं गाणं ऐकतात तसं. तिला हवं होतं ते एकच. डॉक्टरने सगळ्यांसमोर त्याला सांगावं की तुला झेपणार नाही. मनोऱ्याच्या पायथ्याशी, भर उन्हात, आणि त्याने जमिनीकडे बघत ते ऐकून घ्यावं. त्यानंतर त्याला बंबावरून उतरवून नियंत्रण कक्षात बसवतील. कानाला यंत्र लावून फोन घ्यायचे, दुसऱ्यांना आगीवर पाठवायचं. घरी जा म्हणण्याचाच तो प्रकार, फक्त पगारी.

परीक्षेच्या आधी बंबाचा ड्रायव्हर घरी येऊन गेला. रविवारची सकाळ, नवरा दाढी करायला सलूनमध्ये गेलेला, आणि ही वेळ ड्रायव्हरने बघूनच निवडली असावी. जुना माणूस, तिच्या प्रशिक्षणातही तोच ड्रायव्हर होता. तो पाणी प्यायला, भांडं खाली ठेवलं, पुन्हा उचललं. म्हणाला, "वहिनी, एक बोलू का? तुम्ही आमच्यातल्याच आहात म्हणून बोलतो." हे 'आमच्यातल्याच' तिला चटकन लागलं, पण ती म्हणाली, "बोला ना."

"परवा बाजारामागच्या इमारतीत गेलो होतो. वरच्या मजल्यावर एक म्हातारी अडकलेली. आपला शिडी सगळ्यात पुढे. जिन्याच्या वळणावर गेला आणि थांबला. कठडा धरून उभा. मागे सगळे अडकले. शेवटी त्याला बाजूला सारून पोरं वर गेली. म्हातारी वाचली, पण केस जळाले हो तिचे."

"दम लागला असेल," ती म्हणाली.

"दमच. दुसरं काय? पोट बघा त्याचं. मी काय म्हणतो, रात्रीचं जेवण बंद करा त्याचं. चिडेल, चिडू दे. परीक्षा तोंडावर आहे. नापास झाला तर तीन महिने बंबावरून उतरवतात, मग पुन्हा परीक्षा, आणि तीही गेली की कायमची खुर्ची. खुर्चीचं सोडा एकवेळ. आधीच कुणाचा जीव गेला तर?" मग ओशाळून हसला. "तुमच्या हाताला चव आहे, हीच पंचाईत."

तो गेल्यावर तिने ते भांडं विसळून ठेवलं. म्हातारीचे केस तिच्या नाकापुढून हलेनात. जळलेल्या केसांचा वास तिला ठाऊक होता, प्रशिक्षणात एकदा तिच्या स्वतःच्या बटा होरपळल्या होत्या. आपलं भांडण एका माणसाशी आहे आणि आपण त्यात कुणाकुणाला ओढतोय, असं तिच्या मनात आलं, आणि तिला स्वतःची लाज वाटली, अगदी कानाच्या पाळ्या गरम होईपर्यंत. मग दुसरं मन बोलायला लागलं, वकिलासारखं. मी काय त्याच्या तोंडात कोंबते? तो लहान आहे? मास्तरांचं बोलणं त्यानेही ऐकलंय. नको म्हणायला त्याला कुणी मनाई केलीये? आणि आठवडाभराचा तर प्रश्न. एकदा बंबावरून उतरला की कुणाच्या जिवाला धोका नाही, सगळ्यांचं कल्याणच. हे ऐकताना तिला कळत होतं की 'भल्यासाठीच' म्हणणारा माणूस आतून असाच बोलत असणार. तेही तिने ऐकलं आणि बाजूला ठेवलं.

तरी त्या रात्री तिने नुसतं सूप केलं. तो आला, रबराचा आणि ओल्या चामड्याचा वास घेऊन, कपडे न बदलता टेबलाशी बसला. वाटीत चमचा फिरवून म्हणाला, "एवढंच?"

"परीक्षा आहे ना," ती म्हणाली. "हलकं खा."

 त्याने तिच्याकडे असं बघितलं की ती चमकली. राग नव्हता त्यात. बोट धरून रस्ता ओलांडणाऱ्या पोराचं बोट मध्येच सोडलं की ते बघतं, तसा तो बघत होता. "असं नको ना करूस," तो म्हणाला, इतक्या हळू की तिला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. "बटाटे तळ ना थोडे. आणि तो कालचा भात असेल तर." खादाड, तिने मनात म्हटलं, आणि तिच्या सगळ्या लाजेवर त्या एका शब्दाने पाणी पडलं. तिने कढई चढवली. तेल तापेपर्यंत तिला आठवलं, असं मागून घ्यायला तो कधीपासून लागला? तर त्या लाकडाच्या वखारीच्या आगीपासून, दीडेक वर्ष झालं असेल. त्या रात्री तो घरी येऊन न्हाणीघरात नळ सोडून कितीतरी वेळ बसला होता, आणि बाहेर आल्यावर उभ्या उभ्या, ओट्याशीच, दोन माणसांचं जेवला होता. शाबासकी दुसऱ्या कुणाला मिळाली म्हणून कुढतोय, असा तिने तेव्हा अर्थ लावला होता आणि दुसऱ्या दिवसापासून ताटात साय आली होती. माणूस कुढला की जास्त खातो, हे तिला सोयीचंच पडलं होतं.

परीक्षेच्या दिवशी तिने दाताच्या डॉक्टरांकडून अर्धी सुट्टी घेतली. मनोऱ्यापाशी जायचं, रस्त्याच्या कडेने बघायचं, असं तिने ठरवलं होतं. पण शिंप्याच्या दुकानापर्यंत जाऊन ती मागे फिरली. बघितलं तर तो आपल्याला बघेल आणि मग आपल्या चेहऱ्यावरून सगळं फुटेल, अशी तिला भीती वाटली. ती घरी येऊन बसली. पलंगावरच्या चादरीच्या सुरकुत्या काढल्या, पुन्हा बसली. मनातल्या मनात ती जिना चढत होती त्याच्याबरोबर. पहिलं वळण, नळीचं पाणी मानेवरून आत झिरपतंय. दुसरं वळण. पोटऱ्या पेटल्या. इथे श्वास नाकाने घ्यायचा, तोंड उघडलं की संपलं. तिला कळलं की आपण खरोखर नाकाने श्वास घेतोय आणि आपले पाय फरशीवर ताल धरताहेत, आणि आपण वर पोचतोय, दर वेळी पोचतोय. तिच्या डोळ्यांना धार लागली. कितीतरी वर्षांनी तिला रडू येत होतं, आणि ते त्याच्यासाठी नव्हतं.

संध्याकाळी, सात नुकतेच वाजून गेल्यावर, जिन्यात धाप ऐकू आली. दुसरा मजला, तिसरा, थांबणं. तिने तोंड धुतलं आणि वाईट वाटल्याचा चेहरा तयार केला. तो आत आला, दारातच भिंतीला टेकला. "झालं," म्हणाला. "नापास."

"काय म्हणाले?" तिने विचारलं. आवाज काबूत होता.

"दुसऱ्या वळणावर थांबलो. बाहुल्यापर्यंत गेलोच नाही. सगळे होते, मोठे साहेबपण. डॉक्टर म्हणाले, तुम्हाला झेपणार नाही आता."

शब्दसुद्धा तेच. ती आनंदाची वाट बघत उभी राहिली. आणि मग तिने त्याच्याकडे नीट बघितलं. त्याचा चेहरा कुणीतरी कापडाने पुसल्यासारखा मोकळा दिसत होता. कपाळावरची ती कायमची आठी नव्हती. त्याने खुर्ची ओढली, बसला, आणि चक्क हसला.

"तुला एक सांगू?" तो म्हणाला. "तसं तुला ठाऊकच आहे म्हणा. पण आज बोलावंसं वाटतंय. त्या वखारीत आत माणूस होता. रखवालदार. ओरडत होता. मी जिन्यात उभा होतो आणि पाय उचलेना. दम नव्हता लागला, तेव्हा कुठे एवढं पोट होतं? नुसता घाबरलो. दुसरे वर गेले, त्याला काढला. सगळ्यांना वाटलं मला धूर लागला. तेव्हापासून घंटा वाजली की माझे हात गार पडतात बघ. परवाही तेच, म्हातारीच्या वेळी. आता कुणाला सांगणार? पोट सुटलं तर लोक हसतात, घाबरला म्हटलं तर तोंडावर थुंकतील." त्याने टेबलावर हात पसरले. "आणि तू वाढत गेलीस. मी म्हटलं, हिला कळलंय. बोलून दाखवत नाही, पण वाट काढून देतेय. मास्तर काय सांगायचे ते आपण दोघांनी एकाच रांगेत ऐकलंय. तू काय उगीच मध्यरात्री बटाटे तळशील? ते सूप केलंस ना त्या दिवशी, माझा जीवच घाबरा झाला. म्हटलं, सोडलं हिने मला." त्याने खुर्ची तिच्याजवळ सरकवली. "तू नसतीस तर मी काय केलं असतं, सांग. आता तीन महिने फक्त. असंच चालू ठेवू. मग कायमची खुर्ची. पाळी पण सकाळची मागून घेईन, रोज संध्याकाळी तुझ्याबरोबर जेवीन." त्याने तिचा हात धरला, दाबला, आणि सवयीने म्हणाला, "भूक लागलीये गं. काय आहे?"

ती हात तसाच ठेवून उभी राहिली. दोन वर्षं. कढई, मटण, साय, पाठीमागे उभं राहून बोललेली सगळी वाक्यं, अंधारात कान देऊन ऐकलेला श्वास. सगळं त्याने उचललं आणि प्रेम म्हणून खाऊन टाकलं. तिची नोकरी त्याने तिला न विचारता घेतली होती; आता तिचा सूडही न विचारता घेतला, आणि वर आभार मानत होता. मी सूड घेत होते, असं सांगावं, असं तिच्या ओठांवर आलं. पण सांगून काय होणार? त्याने तेही माफ केलं असतं. या विचाराने मात्र तिच्या अंगाची लाही लाही झाली. क्षणभर तिला त्याची दयाही आली. जिन्यात उभा, हात गार, वर माणूस ओरडतोय. ते सगळं तिने डोळ्यांसमोर येऊ दिलं, पुरतं बघितलं. बिचारा, तिने मनात म्हटलं, आणि खरंच म्हटलं. त्यानंतर तिने हात सोडवून घेतला.

"जेवण सातला झालं," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"आपल्या घरात यापुढे सातनंतर जेवण नाही. पहाटे उठायचं, पळायचं. आधी चालू, मग पळू. तीन महिने पुष्कळ झाले. तू पास होशील."

तो हसला. मग हसणं थांबलं. "अगं, पण मी आत्ताच सांगितलं ना तुला..."

"सांगितलंस ना. ऐकलं मी. तुझ्या भल्यासाठीच करतेय," ती म्हणाली आणि ओट्यावरचं मटणाचं भांडं उचलून शेजारणीकडे देऊन आली. परतली तेव्हा तो तिथेच बसला होता, रिकाम्या टेबलाकडे बघत. त्या रात्री त्याच्या पोटातली कुरकुर तिला पलंगाच्या दुसऱ्या टोकाला स्वच्छ ऐकू येत होती. "थोडा पाव तरी," तो एकदा अंधारात म्हणाला. ती कूस बदलून झोपली, आणि तिला गाढ झोप लागली.

पहाटे तिने दिवा लावला. त्याच्या अंगावरचं पांघरूण ओढून घडी केली. तो उठून बसला, पाय खाली सोडून, सुजट डोळ्यांनी. पोट मध्ये येत होतं म्हणून त्याचे हात बुटापर्यंत पोचेनात. तेव्हा ती खाली बसली, त्याचं पाऊल स्वतःच्या गुडघ्यावर घेतलं आणि नाडी बांधायला लागली.

"मी पास झालो," तो वरून म्हणाला, "आणि परत घंटा वाजली तर?"

"तर जायचं वर," ती म्हणाली, आणि नाडी ओढून तिने घट्ट दुहेरी गाठ मारली.